चौकटीबाहेरचं बटण

पहिल्याच ठोशात युर्कीचा चष्मा उडाला. दुसऱ्यात ओठ फाटला. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या त्या ऑफिसातले बाकीचे खाली कॉफीला गेले होते.

"ए शहाण्या, कारखान्यातल्या करवतीच्या प्रोग्रामची, स्क्रीनवरची चौकट तूच आखलीस ना?" ऑस्मोनं मान धरून त्याचं तोंड स्क्रीनवर दाबलं. ऑस्मोच्या बाहीवरचं रक्त युर्कीचं नव्हतं.

"मीच."

"मग दाखव, थांबवायचं बटण कुठाय?"

बटण दिसतच नव्हतं. युर्कीनं चौकटीचा आकार इंग्रजी नावं धरून कायमचा ठरवून टाकला होता. इथं सगळे तसंच करतात. आधी इंग्रजीत आखायचं, आपली भाषा मागाहून. आणि आमचे फिनिश शब्द म्हणजे मालगाडी! टॅबांच्या एका ओळीच्या दोन झाल्या, खालचं बटण चौकटीबाहेर ढकललं गेलं. आज सकाळी लाकूड कारखान्यात वेसा नावाच्या कामगाराची बाही सरकत्या पट्ट्यात अडकली. तो दुसऱ्या हातानं स्क्रीनवर बटण शोधत राहिला. करवतीनं त्याला खांद्यापासून चिरला.

"आमचा माणूस होता रे तो!" ऑस्मोनं बरगडीत लाथ घातली.

हा वेसाचा भाऊ असणार, युर्कीला वाटलं. मार खाऊन त्याला उलट बरंच वाटत होतं.

"मारा. पण बटण दिसत नाही अशी तक्रार आली तेव्हाच मी कारखान्याच्या मालकांना म्हणालो होतो, अर्धा तास करवत थांबवा, नवी चौकट घालतो. त्यांनी ऐकलं नाही हो."

"तोंड बंद! आत्ता घाल."

"करवत चालू असताना घालता येत नाही."

"बंद आहे ती."

युर्कीनं कीबोर्ड पुढे ओढला. ठरवलेला आकार त्यानं काढून टाकला. आता चौकट प्रत्येक टॅबमधली नावं स्वतः मोजणार होती आणि सगळ्यात मोठं पान मावेल एवढी होणार होती. काम एवढंसंच! त्याला रडू फुटलं. नाकातलं रक्त पुसत त्यानं नवी चौकट कारखान्याकडे पाठवली.

स्क्रीनवर लाल बटण उमटलं, अख्खं.

"आता कुणी मरणार नाही," तो हुंदके देत म्हणाला. "वेसाच्या आईला सांगा, मला माफ..."

ऑस्मोचं लक्ष नव्हतं. त्यानं फोन कानाला लावला.

"मालक, बटण दिसतंय. आता गेटवरच्या पोलिसांना आत सोडा."