अकराव्या पानापासून

एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. वाचनालयाचा माणूस दारात टेम्पो लावून उभा होता आणि बाईंची लेक अजून तिसऱ्याच ट्रंकेत अडकली होती. बाईंना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या कथांची हस्तलिखितं, शाळेतली टिपणं, दवाखान्याबाहेर बसून गरजूंना लिहून दिलेल्या अर्जांच्या नकला, सगळं वाचनालयाला हवं होतं.

लेक मात्र वेगळंच शोधत होती. एवढ्या कागदांत आईने आपल्याबद्दल एक ओळ तरी लिहिली असेल की नाही?

वसतिगृहात असताना ती आईला पत्रं लिहायची. बाई ती तपासून परत पाठवायच्या. वाण्याची यादीसुद्धा ज्यांच्या हातून तपासल्याशिवाय सुटत नसे, त्या बाई लेकीचं पत्र काय सोडणार! दहाव्या पत्रात तिने लिहिलं, 'तुझी फार आठवण येते.' खाली लाल शाईत शेरा आला, 'आशय बरा. अक्षर सुधार.' त्या दिवशी तिने दहाही पत्रं फाडून टाकली. पुढे आयुष्यभर नुसते फोन.

"शाळाभरची पोरं सापडली गं मावशी. मी तेवढी कुठे नाही."

मावशी, बाईंची धाकटी बहीण, सुतळी सोडवत बसली होती. "ती निळ्या पुठ्ठ्याची वही उघडलीस का? उगाच रडगाणं!"

वहीत बाईंच्या अक्षरात तिची दहाच्या दहा पत्रं होती. चुकांसकट. लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

"परत पाठवायच्या आधी उतरवून घ्यायची," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, ताई, उतरवताना तरी नीट कर. तर माझ्यावरच डाफरली, 'मग ते तिचं कसं राहील?'"

दहाव्या पत्रापुढची पानं कोरी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर बाईंनी आकडा मात्र घालून ठेवला होता. अकरा, बारा, तेरा... पार शंभरापर्यंत.

ट्रंका गेल्या. वाचनालयात आता बाईंच्या नावाचं कपाट आहे. मावशी तीन वर्षांनी गेली, शेवटपर्यंत ताईला नावं ठेवत. लेक सत्तरीला आली. निळी वही तिने कुणाला दिली नाही. वर्षाकाठी दोन-तीन पानं ती भरते, 'प्रिय आई' पासून. परवा अडुसष्टावं झालं.

लिहून झालं की ती वाचून बघत नाही.