शेरीफ हॉलिसची शेवटची फाइल

शेरीफ हॉलिसच्या छातीवर हुद्द्याचा बिल्ला, तो स्टार, अजून होता. चार वाजता तो काढून नव्या शेरीफला द्यायचा, असं ठरलं होतं. उल्हास कर्णिकने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती स्टार लावलेल्या हॉलिसलाच.

चर्चच्या हॉलमध्ये केक कापून झाला होता. एकतीस वर्षांची पोलिसातली नोकरी. कुणी पुरातून ओढून काढलेल्या गाईचा किस्सा सांगितला. एकाने हॉलिसने तीनदा पकडलेल्या आपल्या भावाचा सांगितला, आणि भाऊच सगळ्यांत जास्त हसला. मग उल्हासला उभं केलं. अमेरिकेतल्या त्या काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, तो एकटाच भारतीय डॉक्टर. तो दोनच वाक्यं बोलला. माझी बायको शरयू गेल्यापासून सहा वर्षं शेरीफ दर रविवारी घरी आले. माझ्या मुलीला, उत्तराला, सायकल त्यांनीच शिकवली.

काहींनी डोळे पुसले. शरयूचं सगळ्यांना ठाऊक होतं. १९८०च्या ऑक्टोबरात उल्हास आईचे दिवस करून परतला होता. सातार्‍यात दोन महिने कागदपत्रांसाठी भावाची जीप घेऊन हिंडला होता. तो आला त्याच आठवड्यात, संध्याकाळी फिरायला गेलेली शरयू मिल रोडवर गाडीखाली गेली. शेरीफला फोन उल्हासनेच केला. अज्ञात गाडी, असं रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं. तेव्हापासून उल्हासने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी गॅरेजमध्ये कापडाखाली होती. क्लिनिकला तो पायी जाई. कारण कुणी विचारलं नाही.

हॉलिसने त्याला खिडकीपाशी नेलं. हातात बुटांचं खोकं होतं.

"डॉक, तो गाडीवाला मला सापडला नाही."

त्याने तीन काउंटींतले दारुडे तपासले होते, गॅरेजवाल्यांना विचारलं होतं. रस्ता सरळ, कोरडा. तरी गाडी उलट्या बाजूने आली होती. शुद्धीतला माणूस असं करत नाही, असं त्याचं मत होतं. नवा शेरीफ ही फाइल बंद करणार होता. म्हणून हे खोकं उल्हासने ठेवावं, म्हणत त्याने ते त्याच्या हाती दिलं.

"प्यायलेला नसेलही," उल्हास म्हणाला. "आमच्याकडे सगळे डावीकडूनच चालवतात. तिकडून आल्यावर हात चुकतो."

हॉलिस त्याच्याकडे बघत राहिला.

मग हॉलिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार भले आहात, डॉक. अजून त्याच्यासाठी सबब शोधताय."

"शेरीफ, माझं ऐका."

"सहा वर्षं ऐकतोय. आता पुरे. पोरीकडे बघा."

उत्तरा केकची प्लेट घेऊन आली होती. "बाबा, शेरीफ इज गोइंग टू क्राय," ती हळूच म्हणाली आणि हॉलिसला बिलगली.

चार वाजले. हॉलिसने स्टार काढला. टाळ्या वाजल्या. उल्हासनेही वाजवल्या.

दोघं चालत घरी आली. उत्तरा आत गेल्यावर उल्हासने गॅरेजचं दार लावून घेतलं, गाडीवरचं कापड वर केलं आणि खोकं उघडलं. आत हेडलाइटच्या काचेचा एक तुकडा होता. त्याला हॉलिसच्या अक्षरातली तारखेची चिठ्ठी बांधली होती.

तुकडा डाव्या हेडलाइटमध्ये बरोबर बसला.