गोल शिक्का

महापालिकेच्या कारकुनाने खिशातून ब्लेड काढलं आणि शेंदरवाडी ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्याचं रबर मधोमध कापलं. "नियम आहे, ताई. गाव कालपासून महापालिकेत गेलं. आता ग्रामपंचायत नाही, आणि तुम्ही सरपंचही नाही."

हौसाबाईंनी त्याला लगेच ओळखलं. हाच तो कारकून. गाव महापालिकेत नको अशी हरकत नोंदवायला त्या दोन एसट्या बदलून पाच वेळा याच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या होत्या. पाचही वेळा मान वर न करता त्याने एकच सांगितलं होतं, "साहेब नाहीत. उद्या या." सहाव्या खेपेला म्हणाला, "मुदत संपली."

"कपाट, पंखा, झेंडा, सगळं मिळालं," म्हणत त्याने ताबापावती पुढे सरकवली. "इथं सही करा आणि..." तो थांबला. छापील कागदावर सहीशेजारी एक रिकामं वर्तुळ होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'सरपंचांचा शिक्का आवश्यक'.

त्याने रबराचे दोन्ही तुकडे जुळवून कोऱ्या कागदावर दाबून पाहिले. 'शेंदर' एकीकडे उमटलं, 'वाडी' दुसरीकडे.

"ताई, हा कागद आज संध्याकाळपर्यंत पोचला नाही तर साहेब मला सोडणार नाहीत. तुम्हीच काहीतरी करा."

हौसाबाई दाराशी गेल्या. वाकून चपला घालताना, मान वर न करता म्हणाल्या, "सरपंच नाहीत. उद्या या."