निनावी कादंबरी

"मी? छे, छे!" काउंट द ब्रेसी असे काही लाजून म्हणाले, की मादाम आर्मांदच्या दिवाणखान्यातल्या सगळ्यांची खात्रीच पटली.

टाळ्या पडल्या. चॉकलेटचे पेले भरणाऱ्या सिदोनीने रागाच्या भरात एक पेला ओतू जाईपर्यंत भरला. कादंबरी चोरून हॉलंडमध्ये छापलेली, लेखकाच्या नावाविना. लिहिली कोणी, हे ओळखायचा खेळ पॅरिसच्या घराघरांत रंगला होता. आणि जिने लिहिली ती, सिदोनीची आत्या मादाम आर्मांद, यजमानीण म्हणून मुकाट पंखा हलवत बसली होती. आत्याची खाडाखोड केलेली पानं सिदोनीनेच तर स्वच्छ उतरवून काढली होती.

"राजाची लाडकी बाई काय हुबेहूब रंगवलीय!" मार्कीझ किताबाची एक म्हातारी सरदारीण खिदळली. "बायकांच्या मनातलं तुम्हाला इतकं कळतं कसं हो?"

"त्यांना स्वतःला कळत नाही ना. मग कुणीतरी समजून घ्यायला हवं," काउंट म्हणाले.

सिदोनी आत्याच्या कानाशी वाकली. "ऐकलंस? चोर मेला!"

"चॉकलेट निवतंय."

"बोलत का नाहीस? घाबरतेस त्याला?"

"त्याला? मुळीच नाही. मिरवू दे गं. आज तर मिरवूच दे."

दाराशी उभा असलेला एक नवा पाहुणा पुढे आला. काळा कोट, बोलणं अदबीचं.

"काउंटसाहेब, माझ्या धन्यांनी हे पुस्तक दोनदा वाचलं. लेखकाला भेटायला ते अगदी अधीर झालेत. आता लाजू नका. तुम्हीच ना?"

काउंटनी छातीवर हात ठेवला. "आता तुम्ही इतकं म्हणताच आहात, तर..."

"खोटं!" सिदोनीने किटली आपटली. "या माणसाला धड चार ओळी लिहिता येत नाहीत! शब्द न् शब्द माझ्या आत्याचा आहे. तिच्या हातची पानं वर खोलीत आहेत. आणून दाखवू?"

आत्याचा पंखा थांबला. "सिदोनी, गप्प बस."

"नाही बसणार! अजून किती बायकांनी गप्प बसायचं? सांग ना यांना, तूच लिहिलंस म्हणून!"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या मार्कीझने मान खाली घातली. पाहुण्याने सिदोनीला लवून नमस्कार केला आणि तो आत्याकडे वळला.

"काउंटसाहेब, आपण बसा. मादाम, चला. राजाच्या तुरुंगाची गाडी खाली उभी आहे."