मेलबर्न ते हिंगोली

“आईच्या ऑपरेशनला तुमच्या बहीण आल्या होत्या का?”

वकील संध्या खिल्लारेंचा प्रश्न ऐकून मागच्या बाकावरच्या रुक्माबाईंच्या काळजात चर्र झालं. वकील आपली, आणि नेमकी दुखरी नस भावाच्या हातात दिली!

हिंगोलीच्या कोर्टात साखरा गावच्या सहा एकरांचा दावा चालू होता. वडिलांमागं जमीन बहीणभावाची. लेकीकडं, रूपाकडं, मेलबर्नला तीन वर्षं राहून रुक्माबाई परतल्या, तर किसनराव म्हणाला, तुझा काय संबंध? आज सकाळी त्यानं कोर्टापुढं एक बाँड ठेवला. बहिणीनं आपला हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडला, असं त्यावर लिहिलेलं. खाली रुक्माबाईंची सही, हुबेहूब.

“म्या न्हाई केली वो,” एवढंच त्यांना बोलता आलं.

संध्याताईंनी बाँड दोनदा वाचला. म्हणाल्या, “आता मी काहीही विचारलं तरी तुम्ही गप बसायचं.”

पिंजऱ्यात उभा किसनराव आता फुलून आला होता.

“कशाची येते, मॅडम! माय खुबा मोडून पडली. दोन वर्षांखाली, बारा जूनला ऑपरेशन झालं. दवाखाना, डबा, समदं म्या एकट्यानं केलं. ही लेकीचं बाळंतपण करून राहिली होती.”

“तारीख नक्की आठवते?”

“इसरंल कशी? त्या दिवशी सकाळी म्याच मोबाईलवर मायला हिचं तोंड दाखवलं. तिकडं थंडी. स्वेटर घालून रडून राहिली होती.”

रुक्माबाईंची मान खाली गेली. खोटं नव्हतं ते. माय फोनवर “ये गं बाई” म्हणाली होती. दिवाळीच्या आधीच ती गेली.

“विमानं आहेत की,” संध्याताई म्हणाल्या. “मनात आणलं असतं तर संध्याकाळपर्यंत पोचल्या असत्या.”

किसनराव मोठ्यानं हसला. बसलेले गावकरीही हसले.

“मॅडम, मेलबर्न म्हंजे कनेरगाव नाका वाटला काय? हैदराबादपासून नऊ हजार किलोमीटर हाय! मदी सिंगापूरला इमान बदला. बराबर सोळा-सतरा तास. तिथून हिंगोली आणखी सहा-सात तास गाडीनं. तिकिटवाल्या मुजाहिदला म्या सोता इचारलं हाय. इमानानं निघाली तरी दुसरा दिवस उजाडतो!”

“म्हणजे बारा जूनला त्या हिंगोलीत नव्हत्याच?”

“शपथ घेऊन सांगून राहिलो ना! न्हवती म्हंजे न्हवती.” जिंकल्यासारखी नजर त्यानं बहिणीवर टाकली.

“साहेब, एवढं शब्दन् शब्द लिहून घ्यावं,” संध्याताईंनी न्यायाधीशांना विनंती केली. टायपिंगची टकटक थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग बाँड त्यांनी किसनरावाच्या हातात दिला.

“सहीच्या वरची ओळ वाचा. मोठ्यानं.”

“आज रोजी... मुक्काम हिंगोली... दोन साक्षीदारांसमक्ष... दिनांक बारा...”

त्यानं कागद खाली केला. रुक्माबाईंनी हळूच मान वर केली.

“बारा जून. साल तेच,” संध्याताई शांतपणे म्हणाल्या. “मग किसनराव, ही सही कुठल्या इमानानं आली?”