खिडकीतलं रानडुक्कर

उगेत रूमेगासने बिडाचं पातेलं गावकचेरीच्या खिडकीत ठेवलं आणि झाकण काढलं.

आत वाईन पारखणाऱ्या समितीचे पाच जण चाखत बसले होते. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे जिभा ताज्या असतात ती वेळ. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. पण उगेतची वाईन दुसऱ्यांदा आलीय, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. पहिल्या वेळी शेरा मिळाला होता : तोंडाला खरखरीत, हेकट. आज पुन्हा नापास झाली, की बाटलीवर गावाचं नाव लावायची सोय संपली. नव्वद वर्षांच्या वेलींची वाईन बिननावाच्या टाकीत जाऊन पडणार.

त्या खोलीत अत्तर लावून यायची बंदी, कॉफीची बंदी. आणि आता तिथे रानडुक्कर शिरलं. दोन दिवस त्याच वाईनमध्ये मुरलेलं, संत्र्याची साल आणि काळी ऑलिव्ह घालून रात्रभर मंद आचेवर शिजलेलं.

समितीचे अध्यक्ष, लाकोस्तसाहेब, शहरातून आलेले. त्यांनी अदबीने सांगितलं, वास आत येतोय. उगेत म्हणाली, मग खिडकी लावून घ्या. जूनच्या उकाड्यात खिडकी कोण लावणार? वाईन एकटीच पारखायची असते, सोबत खाणं आलं की तिचे दोष झाकले जातात, असं त्यांनी समजावलं.

"साहेब, तुम्ही कधी नुसतं मीठ चाखून बघितलंय?" उगेतने विचारलं. "आणि वर ते थुंकून, मीठ वाईट आहे असं लिहून दिलंय?"

आत कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं.

म्हातारा कबानेल तोंडात उगेतच्या वाईनचा घोट घोळवत होता. वीस वर्षं तो या समितीवर होता, आणि या खोलीत त्याने एक थेंब कधी गिळला नव्हता. थुंकायची बादली त्याच्या पायाशी होती, नजर पातेल्यावर. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. सगळ्यांनी पाहिलं.

"कबानेल, थुंकायचं असतं," अध्यक्ष म्हणाले.

"गेली की हो खाली. तिला रस्ता ठाऊक आहे."

मतं झाली. दोन हो, दोन नाही. नाही म्हणणाऱ्यांत उगेतचा सख्खा दीर होता, त्यामुळे तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही. उरलं अध्यक्षांचं मत.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पातेलं हटवायला ते स्वतः अंगणात आले. उगेत वाद घालायला उभीच राहिली नाही. तिने पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आधी हे. मग लिहा काय लिहायचं ते."

घ्यावा की नाही, असं त्यांना क्षणभर झालं. रस्सा पांढऱ्या बाहीवर टपकला, तसा त्यांनी घाईने घास तोंडात टाकला. बराच वेळ चावला. आतले चौघं खिडकीशी येऊन उभे राहिले.

मग उगेतकडे न बघता, घास अजून तोंडातच असताना, लाकोस्तनी खिडकीतून आत हात घातला आणि बोटांनी खुणावत आपला ग्लास मागितला.