सुषमाची पाठ

चाऱ्याचा भारा उचलला की सुषमाला धाप लागायची. शेवटी आई रतनबाई न्हावऱ्याहून तिला शिरूरच्या दवाखान्यात घेऊन आली. सासरच्या कामानंच आपली पाठ वाकली, असं सुषमा इतकी वर्षं धरून चालली होती.

एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "मणका वयात येतानाच वाकडा झालाय. तेव्हाच उपचार व्हायला हवे होते. आता बरगड्यांनी फुफ्फुस दाबलंय, गेलेला दम परत यायचा नाही. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आमच्या आईला काय कळतंय त्यातलं, डॉक्टर," सुषमा आईची बाजू घेत म्हणाली.

रतनबाईनं पदर तोंडाला लावला.

"कळलं व्हतं गं, सुषे. लोकांच्या नजरंत यायच्या आत तुझं लगीन उरकलं."